पायाखालचा जमाखर्च

मराठी वाहनचालकाच्या बोलीत ‘पिकअप’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी नांदतो. पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा अशी जी मालवाहू गाडी आज गावोगावच्या बाजारपेठांत उभी दिसते तिला तो पिकअप म्हणतो, आणि उभी गाडी किती चपळाईने वेग घेते त्या गुणालाही तो पिकअपच म्हणतो. त्यामुळे ‘पिकअपला पिकअप नाही’ ही तक्रार परक्या माणसाला कोड्यासारखी वाटली, तरी जुन्नर तालुक्यातल्या कोणत्याही गॅरेजात तिचा अर्थ विचारावा लागत नाही. या दुसऱ्या अर्थाच्या पिकअपपायी पहिल्या अर्थाची पिकअप किती डिझेल पिते, हा या लेखाचा विषय आहे. आणि तो मला सुचला तो, नारायणगावाहून वाशीच्या मार्केटला टोमॅटो घेऊन निघालेल्या एका गाडीत चालकाच्या शेजारी बसून एक रात्र काढली तेव्हा.

वीस किलोचा एक, असे पासष्ट क्रेट हौद्यात रचून दोराने आवळले होते. आळेफाट्यावरून ओतूर, तेथून पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याकडेने माळशेज घाट, घाट उतरून टोकावडे, सरळगाव, मुरबाड, कल्याण, आणि वाशीच्या अलीकडे शिळफाट्याची ती सर्वश्रुत कोंडी, असा आमचा मार्ग होता. चालक तिशीतला, अबोल आणि कामात वाकबगार. मात्र त्याच्या उजव्या पायाला क्षणाचीही स्वस्थता नव्हती. पुढे मोकळा रस्ता दिसला की पाय एक्सलेटरवर तळापर्यंत जाई, इंजिन कण्हत कण्हत वेग घेई, आणि अर्ध्या फर्लांगावर एखाद्या उसाच्या ट्रॅक्टरची पाठ आडवी आली की तोच पाय तितक्याच आवेशाने ब्रेकवर पडे. आयुष्यभर एसटीने हिंडलेल्या माझ्यासारख्याची कंबर या हिसक्यांना लवकरच कंटाळली, आणि केवळ बोलणे काढावे म्हणून मी विचारले, “गाडी ॲव्हरेज किती देते?” तो म्हणाला, “काका, ॲव्हरेज गाडी देत नाही, रस्ता देतो.”

हे उत्तर मला फार आवडले. आणि ते निम्मे खरेही होते. उरलेले निम्मे त्याच्या पायाखाली होते.

गाडी चालवताना डिझेल नेमके कोणकोणत्या खाती खर्ची पडते, हे एकदा वहीवर मांडून पाहिले म्हणजे पुष्कळ गैरसमज दूर होतात. एक खाते हवेच्या विरोधाचे, दुसरे रस्ता आणि टायर यांच्या घर्षणाचे, तिसरे चढाचे, चौथे इंजिन स्वतःलाच फिरवीत ठेवते त्याचे, आणि पाचवे गाडीला वेग देण्याचे. यांपैकी पहिली दोन आणि चौथे ही रोजच्या शिध्यासारखी आहेत: खर्च झाला, संपले. परंतु चढाचे आणि वेगाचे खाते निराळ्या जातीचे आहे. तेथे गेलेले इंधन नाहीसे होत नाही, गाडीच्या नावे जमा होते. घाटमाथ्यावर चढवलेली गाडी उतारावर आपणहून धावते, आणि वेग घेतलेली गाडी पाय काढून घेतल्यावरही कितीतरी अंतर चालत राहते, ती या ठेवीच्या बळावर. यांतल्या वेगाच्या ठेवीला पदार्थविज्ञानात गतिज ऊर्जा म्हणतात, आणि तिचा एक नियम असा आहे की ती वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट केला तर ठेव चौपट करावी लागते.

आता आमच्या गाडीचा हिशेब घेऊ. रिकामी गाडी सुमारे सतराशे किलोची धरली आणि तीवर तेराशे किलोचे टोमॅटो, तर एकूण भार तीन टन होतो. हा भार स्थिर अवस्थेपासून ताशी ६० किलोमीटरवर आणण्यास सुमारे चार लाख सतरा हजार जूल इतकी ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलात साधारण साडेतीन कोटी जूलांहून थोडी अधिक ऊर्जा असते, परंतु तिच्यातली चाकापर्यंत पोचते ती सुमारे तीस टक्केच. बाकीची रेडिएटर आणि धुराड्यावाटे उष्णतेच्या रूपाने आकाशात जाते. (यात इंजिनवाल्यांचा फारसा दोष नाही. रुडॉल्फ डीझेल याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले यंत्र तज्ज्ञांपुढे चालवून दाखवले तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली होती, आणि वाफेच्या यंत्रांच्या मानाने ती मजल एवढी मोठी होती की तिने साऱ्या दळणवळणाचे रूप पालटले.) हा वटाव वजा करून पाहता, तीन टनांच्या गाडीला एकदा ताशी ६० चा वेग देण्याची किंमत सुमारे ३९ मिलिलिटर डिझेल पडते, ताशी ८० चा वेग दिला तर ती ६९ मिलिलिटरवर जाते, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढी होते. आणखी एक गंमत या हिशेबात दडलेली आहे. परतीच्या वाटेवर गाडी रिकामी आहे म्हणून चालक हौसेने ८० वर नेतात. त्या रिकाम्या गाडीच्या अंगी ८० वर जेवढी ऊर्जा असते, जवळजवळ तेवढीच भरल्या गाडीच्या अंगी ६० वर असते. सबब ‘रिकामी आहे, पळू दे’ या म्हणण्यात जी काटकसर वाटते ती हवेतच विरून जाते.

पण ही ठेव आहे, खर्च नव्हे, हे आत्ताच म्हटले. मग ती खर्ची पडते केव्हा? ब्रेकवर पाय पडतो तेव्हा. ब्रेक हे गतिज ऊर्जेची उष्णता करणारे यंत्र आहे, आणि ती उष्णता टोमॅटोच्याही उपयोगी नाही आणि मालकाच्याही नाही. ट्रॅक्टरमागे दाबलेला प्रत्येक ब्रेक म्हणजे क्षणापूर्वी एक्सलेटरने मोठ्या दिमाखाने जमा केलेल्या ठेवीवर आलेली जप्ती असते. आणि ट्रॅक्टर मागे टाकल्यावर तीच रक्कम टाकीतून पुन्हा काढावी लागते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला हा मुख्य मुद्दा आहे, आणि नेमका तोच उपदेशकांच्या ध्यानात राहत नाही. ‘एक्सलेटर जोरात दाबू नका, डिझेल जळते’ असे जो तो सांगतो. पण जोरात दाबल्याने जळते त्याहून कितीतरी अधिक, नको तेथे दाबल्याने जळते. ज्या वेगाचा पुढच्या दोनशे मीटरांत वध करावयाचा आहे तो वेग जन्मालाच का घालावा?

गाडीपुढे रस्ता किती दूरवर दिसतो यापेक्षा चालक तो किती दूरवर वाचतो याला येथे महत्त्व येते. दोन-अडीचशे मीटरांवर सिग्नल तांबडा दिसला, किंवा फाट्यावर बैलगाडी वळताना दिसली, की जाणता चालक तेथेच पाय उचलतो आणि गाडीला तिच्या साठलेल्या ऊर्जेवर चालू देतो; ती ऊर्जा मग ब्रेकच्या तव्यावर न करपता हवा आणि घर्षण यांचे देणे फेडीत गाडी पुढे नेते. पुष्कळदा तो पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झालेला असतो आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालतीच राहते. शून्यावरून उठण्यापेक्षा ताशी वीसवरून उठणे किती स्वस्त, हे वर्गाचा नियम आठवला म्हणजे निराळे सांगावयास नको असे वाटेल. पण येथे एक पायरी चुकण्याचा संभव आहे. शून्यापासून वीसपर्यंतचा वाटा साठपर्यंतच्या एकूण ठेवीच्या नवव्या हिश्शाएवढाच असतो. खरी बचत त्याच्या अलीकडे, ब्रेक न दाबता गाठलेल्या त्या वीसपर्यंतच्या उतरणीत झालेली असते.

आता जोराने वेग घेण्याच्या प्रश्नाकडे वळतो. पायाखाली अंडे ठेवले आहे असे समजून एक्सलेटर दाबावा, असा एक जुना सल्ला ड्रायव्हिंग स्कूलांतून दिला जातो. तो निरुपद्रवी आहे, पण संपूर्ण सत्य नाही. डिझेल इंजिनाची प्रकृती अशी की मध्यम फेऱ्यांवर आणि बऱ्यापैकी भाराखाली ते सर्वांत काटकसरीने चालते. अगदी हलक्या भारावर चालवले तर स्वतःचे पिस्टन, पंप आणि बेअरिंगे फिरवण्यातच त्याच्या कमाईचा मोठा भाग खर्ची पडतो. त्यामुळे साठचा वेग गाठण्यास मिनिट-दीड मिनिट लावणारा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत इंजिन घोंघावत ठेवणारा अतिसावध चालक वाटतो तितका काटकसरी नसतो. उत्तम रीत या दोहोंच्या मधली आहे. अशा गाड्यांच्या डिझेल इंजिनाची ओढ मिनिटाला साधारण दीड हजार ते दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांच्या टापूत सर्वांत दमदार असते. तेव्हा पाय निम्म्याहून थोडा अधिक, पण स्थिर दाबावा, दोन हजारांच्या आसपास काटा आला की वरचा गिअर टाकावा, आणि शक्य तितक्या लवकर वरच्या गिअरमध्ये जाऊन तेथे पाय सैल करावा. चढावर किंवा पूर्ण भार असताना थोडे अधिक थांबावे लागते, हे उघड आहे. इंजिन धडधडू लागेपर्यंत वरच्या गिअरचा हट्ट धरणे ही काटकसर नव्हे, छळ आहे. ज्याला कान आहेत त्याला काट्याचीही गरज लागत नाही. माझ्या ओळखीच्या जुन्या ट्रकचालकांपैकी एकानेही कधी फेऱ्यांच्या काट्याकडे पाहिलेले मला आठवत नाही. त्यांचे गिअर आवाजावर पडत.

पाय एकदम तळाला नेल्याने काय बिघडते, हे मात्र सांगितले पाहिजे. डिझेल इंजिनात जास्त जोर मागणे म्हणजे जास्त डिझेल फवारणे. आणि टर्बोची चक्री गती घेऊन पुरेशी हवा कोंबू लागेपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. त्या अवधीत फवारलेल्या डिझेलास पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तर ते अर्धवट जळते आणि काळ्या धुराच्या रूपाने मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाते. जुन्या गाड्यांत हा अपराध चव्हाट्यावर होई. आजच्या इंजिनांतली नियंत्रणे फवारा बरीच आवरून धरतात, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या निकषांमुळे डिझेल गाड्यांच्या नळकांड्यात काजळी अडवणारी गाळणी आली आहे. पण धूर दिसेनासा झाला म्हणून काजळी तयार होणे थांबले असे नव्हे. ती गाळणीत साचते, आणि गाळणी तुंबू लागली की ती जाळून टाकण्यास गाडी पुन्हा जादा डिझेलच वापरते. हिशेब चुकता होतोच, फक्त पावती वेगळ्या खिडकीवर मिळते.

माळशेजच्या माथ्यावर आम्ही पोचलो तेव्हा दाट धुके होते, आणि तेथे माझ्या चालकाने जे केले त्याने माझ्या छातीत धस्स झाले. उतार सुरू होताच त्याने गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडली. डिझेल वाचवण्याची ही युक्ती महाराष्ट्रातल्या घाटांत इतकी रूढ आहे की तिला परंपरेचा मान मिळाला आहे. आणि ती धोक्याची तर आहेच, पण ज्या हेतूने करतात तो हेतूही तिने साधत नाही. कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांच्या जमान्यात तिला काही आधार असेल, कारण गिअरमध्ये उतरणाऱ्या त्या गाडीचे इंजिन थोडेबहुत पेट्रोल ओढीतच राही. आजच्या इलेक्ट्रॉनिक फवारणीच्या गाडीत गोष्ट उलट आहे: गाडी गिअरमध्ये असून पाय एक्सलेटरवरून पूर्ण उचललेला असेल, तर चाकेच इंजिनाला फिरवीत असतात आणि फवारा संपूर्ण बंद राहतो, याउलट न्यूट्रलमध्ये टाकलेले इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावेच लागते, आणि अशा आकाराच्या इंजिनाला नुसते चालू राहण्यास तासाला सुमारे अर्धा लिटर लागते. म्हणजे न्यूट्रलवर घाट उतरणारा मनुष्य डिझेल जाळतो, इंजिनाची रोधक शक्ती गमावतो, आणि तीन टनांचा सगळा भार तापत चाललेल्या ब्रेकच्या स्वाधीन करतो. ब्रेक अतिशय तापले की त्यांची पकड सुटते, हे घाटातल्या दरीत पडलेल्या गाड्यांनी पुरेसे सिद्ध केले आहे. मी त्याला तसे सांगितले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, काही न बोलता तिसरा गिअर टाकला, आणि टोकावडे येईपर्यंत तो काढला नाही. हे माझ्या युक्तिवादाचे यश की म्हाताऱ्याच्या भीतीची कीव, हे मी आजवर विचारले नाही.

चढाचे गणितही येथेच उरकून घेतो. तीन टनांची गाडी शंभर मीटर उंच चढवण्यास साधारण पाव लिटर डिझेल लागते. सुदैवाने नारायणगावचा टोमॅटो घाट उतरून जातो आणि चढताना गाडी रिकामी असते, त्यामुळे भूगोलाने या मार्गावर मालकाला थोडी सूट दिली आहे. हवेच्या विरोधाबद्दल एवढेच, की तोही वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ६० च्या मानाने ८० वर पाऊणपटीहून अधिक वाढलेला असतो. पिकअपची चपटी केबिन आणि वर रचलेले क्रेट वाऱ्याला मुळीच वाट देत नाहीत. पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ ही १९७८ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था ताशी ४५ ते ५५ हा वेग काटकसरीचा म्हणून सांगत आली आहे, ते याच कारणाने. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने तर पुढच्याच जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा कायद्याने घातली, आणि ती १९९५ पर्यंत या ना त्या रूपात टिकली. त्याच देशाचे ऊर्जा खाते आजही सांगते की आडदांड चालवण्याने, म्हणजे झपाट्याने वेग घेणे, सुसाट जाणे आणि करकचून ब्रेक मारणे या तिन्हींनी मिळून, महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत थांबत चालणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज घटू शकते. पिकअप ही ज्या देशात शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सर्वांची गाडी आहे, तेथला हा आकडा आहे.

‘पण वेळेचे काय?’ असे कोणी विचारील, आणि बाजारासाठी धावणाऱ्या माणसाचा तो प्रश्न रास्त आहे. सरासरी धरून सांगतो. साठचा वेग एकाने वीस सेकंदांत घेतला आणि दुसऱ्याने तीस सेकंदांत, तर दुसऱ्याला जेथे साठचा वेग येतो त्या जागी पहिला अवघे पाच सेकंद आधी पोचलेला असतो. वाशीपर्यंत असे तीस प्रसंग आले, तर साऱ्या रात्रीच्या धडपडीची कमाई अडीच मिनिटे. तीच तीस वेळा साठपासून शून्यापर्यंत ब्रेकने गाडी थांबवली असेल तर ब्रेकच्या तव्यावर गेलेले डिझेल सव्वा लिटराच्या आतबाहेर भरते. लिटरला नव्वद रुपये धरले तर शंभराची नोट. यांतले सगळेच थांबे टाळता येत नाहीत, निम्मे टळले तरी पुष्कळ. महिन्यात वीस खेपा करणाऱ्या गाडीला हा फरक हजार रुपयांचा होतो. आणि ब्रेकचे लायनर, क्लचप्लेट, टायर यांची झीज मी अद्याप हिशेबात धरलेलीच नाही.

हा हिशेब स्वतः पडताळून पाहावयाचा असेल त्याने डॅशबोर्डावरच्या आकड्यावर विसंबू नये. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरावी, मीटरचा आकडा वहीत मांडावा, चार खेपा आपल्या नेहमीच्या पायाने कराव्या आणि पुन्हा तेथेच तितकीच भरावी. मग पुढच्या चार खेपा संयमाने. भार आणि मार्ग तोच असला पाहिजे, टायरमधली हवाही तीच. एसटीला ही विद्या फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जिची पहिली गाडी सुटली, त्या संस्थेच्या आगारांत दहा लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर गेली याची नोंद ठेवली जाते, आणि ‘केपीटीएल’ या अक्षरांचा अर्थ तेथल्या चालकाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. लिटराऐवजी दहा लिटरांचे माप घेण्यातले शहाणपण असे की लहान फरक डोळ्यांत भरावा.

एसटीत जे होते ते आमच्या पिकअपात का होत नाही, याचे उत्तर मला पहाटे मार्केटच्या आवारात मिळाले. क्रेट उतरत होते, आणि चालक स्टेपनीवर बसून चहा घेत होता. मी त्याला माझा सगळा हिशेब ऐकवला. त्याने तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाला, “बरोबर आहे काका. पण डिझेल मालकाचं, आणि मला पैसे खेपेचे. लवकर पोचलो तर झोप माझी.” या वाक्यापुढे माझे चार लाख सतरा हजार जूल निष्प्रभ झाले. ज्या पायाने डिझेल जाळावयाचे त्या पायाचा बचतीत छदामाचाही हिस्सा नाही, आणि ज्याचा हिस्सा आहे तो नारायणगावात घरी झोपलेला. अशा व्यवस्थेत काटकसरीची अपेक्षा करणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर मोट धरणाऱ्याने पाणी जपून काढावे अशी अपेक्षा करणे होय.

तेव्हा पिकअपच्या मालकांना माझी विनंती आहे. चालकाला उपदेश करू नका. महिनाभर टाकी ते टाकी नोंद ठेवा, नेहमीचे ॲव्हरेज त्याच्यासमक्ष कायम करा, आणि त्यावर जितके डिझेल वाचेल त्याची निम्मी रक्कम दर महिन्याच्या पगारात त्याच्या हातावर ठेवा.